सांध्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि शरीरातील संप्रेरके: अनुभव व माहिती हवी आहे

निशिगंध, सातारा

नमस्कार. माझे वय ५४ आहे. पाळी बंद होऊन अडीच वर्षे झाली आहेत आणि मधुमेहाचे निदान होऊन नऊ वर्षे. गेल्या उन्हाळ्यात माझा डावा खांदा आखडू लागला. आधी अंबाड्यात आकडा खोचता येईना, मग फळीवरचा डबा काढता येईना, आणि पुढे रात्री त्या कुशीवर वळले की कळ येऊन जाग येऊ लागली. शेक, व्यायाम आणि गोळ्या यांत चार महिने गेल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी खांद्याच्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, आणि दोन आठवड्यांनी, उजवा गुडघाही सुजलेला असल्यामुळे, तेच औषध गुडघ्यात दिले. औषध सांध्यातच राहते, बाकी शरीराशी त्याचा संबंध नाही, एवढेच मला त्या वेळी सांगण्यात आले होते. खांद्याला खरोखरच आराम पडला, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून कोणी इंजेक्शनच वाईट असा अर्थ काढू नये.

साखर तपासून वहीत लिहिण्याची मला जुनी सवय आहे. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी १३२ होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर २७८, तिसऱ्या दिवशी ३११, चौथ्या दिवशी २६४, सहाव्या दिवशी २०६, आणि नवव्या दिवशी ती माझ्या नेहमीच्या पातळीवर आली. त्या आठवड्यात मी गोड खाल्ले नव्हते, गोळीही चुकवली नव्हती. मशीन बिघडले असेल असे वाटून नव्या पट्ट्यांची डबी आणली, तरी आकडा तोच. याच दिवसांत चेहरा आणि गळा लालबुंद होऊन तापल्यासारखा झाला, तो दोन दिवसांनी आपोआप निवळला.

खरी काळजी नंतर सुरू झाली. गुडघ्यातल्या इंजेक्शनानंतर अकराव्या दिवशी अंगावरून जाऊ लागले. अडीच वर्षांनंतर! मी घाबरून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर सहा मिलिमीटर निघाले आणि नमुना तपासायला पाठवला गेला. हार्मोनच्या गोळ्या घेता का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले, आणि ते खरेच होते. खांद्यातल्या इंजेक्शनाचा उल्लेख करावा हे माझ्या मनातही आले नाही. याखेरीज तीन आठवडे मला विलक्षण थकवा आहे. सकाळी ओट्यापाशी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि अन्नावर वासना नाही.

हे सगळे एकाच कारणाचे असू शकते का? कोणाला असा अनुभव आला आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मोठी मदत होईल.

औदुंबर, सांगली

निशिगंधताई, आपल्या वहीतले आकडे वाचून माझीच वही समोर आल्यासारखे वाटले. मी ६८ वर्षांचा आहे आणि गेली सहा वर्षे इन्सुलिन घेतो. मागच्या दिवाळीनंतर गुडघ्यात इंजेक्शन घेतले आणि तिसऱ्या दिवशी साखर ३४० झाली. मला वाटले इन्सुलिनची कुपी उन्हात राहून खराब झाली असावी, म्हणून नवी आणली. मुलीच्या सांगण्यावरून मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “कुठे सांध्यात इंजेक्शन घेतलेत का?” त्यांनी चार दिवसांसाठी मात्रा वाढवून दिली आणि पाचव्या दिवसापासून टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली. हा प्रश्न सुई टोचण्यापूर्वी कोणी विचारला असता तर ते चार दिवस मी इतका धास्तावलो नसतो. मला त्याच गुडघ्यासाठी पुन्हा इंजेक्शन सुचवले आहे, म्हणून या धाग्यातील उत्तरांची मीही वाट पाहतो आहे.

दवबिंदू, पुणे

मी संप्रेरकांच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. येथे कोणाचेही निदान करणे योग्य नाही, परंतु निशिगंधताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, हे सगळे एकाच औषधाशी जोडलेले असू शकते’ असे आहे, आणि ते का हे समजून घेणे उपयोगी ठरेल.

सांधा म्हणजे बंद डबी, अशी आपली कल्पना असते. वास्तवात सांध्याच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सांध्यासाठी वापरली जाणारी बहुतेक स्टेरॉइडे मुद्दाम कमी विरघळणारी बनवलेली असतात. बारीक कणांच्या रूपात ती अस्तरावर बसतात आणि दिवसेंदिवस थोडी थोडी विरघळत राहतात. आराम लांबतो तो याचमुळे. पण जे विरघळते ते रक्तातही जाते, आणि ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडच्या बाबतीत हे दोन-तीन आठवडे चालू राहते.

आता मात्रेचा हिशेब करून पाहा. ट्रायॅम्सिनोलोनचे ४ मिलिग्रॅम साधारणपणे हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे शरीर स्वतः बनवते त्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या औषधी रूपाच्या, २० मिलिग्रॅमइतके असतात. म्हणजे ४० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन हायड्रोकॉर्टिसोनच्या २०० मिलिग्रॅमइतके झाले, किंवा प्रेडनिसोलोनच्या ५० मिलिग्रॅमइतके. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, ज्यांना आपण ॲड्रीनल म्हणतो, दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. एका सुईतून शरीराला जवळजवळ दहा दिवसांचा साठा मिळतो, आणि ताईंना असे दोन साठे दोन आठवड्यांच्या अंतराने मिळाले.

मेंदूला हे बाहेरचे स्टेरॉइड आणि आपले कॉर्टिसॉल यांत फरक करता येत नाही. रक्तात पुरेसे आहे असे दिसताच हायपोथॅलॅमस आणि पीयूष ग्रंथी ॲड्रीनलला आदेश देणे थांबवतात. इंजेक्शनानंतर एक-दोन दिवसांतच सकाळचे कॉर्टिसॉल घसरते. बहुतेकांमध्ये ते एक ते चार आठवड्यांत पूर्ववत होते. मात्रा मोठी असेल, एकाहून अधिक सांध्यांत दिले असेल किंवा इंजेक्शने वारंवार होत असतील तर अधिक काळ लागतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ७४ अभ्यास एकत्र करून स्टेरॉइडच्या वेगवेगळ्या वापरप्रकारांची तुलना केली. नाकात मारायच्या फवाऱ्यानंतर ४.२ टक्के लोकांच्या ॲड्रीनल ग्रंथी तपासणीत मंद आढळल्या, तर सांध्यातील इंजेक्शनांनंतर ५२.२ टक्के लोकांच्या. सांध्यांवरचे अभ्यास त्यात थोडेच होते आणि हा आकडा चाचणीत आढळलेल्या मंदपणाचा आहे, त्या सगळ्यांना त्रास झाला असे नव्हे. तरीसुद्धा ‘औषध सांध्यातच राहते’ या वाक्याला हा आकडा पुरेसे उत्तर देतो.

थकवा, मळमळ, भूक न लागणे, उभे राहिल्यावर अंधारी येणे ही कॉर्टिसॉल कमी पडल्याची लक्षणे असू शकतात. ताई, आपण सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासून घ्या, आणि सोबत सोडियम, पोटॅशियम व रक्तदाबही. २०२४ च्या युरोपीय आणि अमेरिकी संप्रेरकतज्ज्ञ संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार सकाळचे कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असे मानता येते. ५ च्या खाली असेल तर ती अजून झोपेत आहे, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. ताईंना सध्या ते लागू नाही.

आणि एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. या काळात जोराचा ताप, सतत उलट्या किंवा एखादी शस्त्रक्रिया उद्भवली तर शरीराला एरवीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल लागते आणि झोपलेली ग्रंथी ते देऊ शकत नाही. अशा वेळी रुग्णालयात पहिल्याच वाक्यात ‘मला अमुक तारखेला सांध्यात स्टेरॉइड दिले आहे’ असे सांगा. हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन जीव वाचवते. फक्त त्याची गरज आहे हे डॉक्टरांच्या लक्षात आले पाहिजे.

पायवाट, ठाणे

माझे वय ३३. सांध्याचे नव्हे, मनगटाजवळ अंगठ्याच्या शिरेच्या आवरणात हे इंजेक्शन घेतले होते, म्हणून येथे लिहावे की नाही असा विचार करत होते. बाळ चार महिन्यांचे असताना, त्याला सतत उचलून घेतल्यामुळे, अंगठा असा दुखू लागला की लंगोट बदलतानाही डोळ्यांत पाणी येई. इंजेक्शनने तीन दिवसांत दुखणे थांबले. पण त्याच तिसऱ्या दिवशी दूध आटल्यासारखे झाले. मी रात्रीसाठी पंपाने दूध काढून ठेवत असे. बाटलीवरची १२० ची खूण सहज ओलांडली जाई, ती त्या दिवशी ४० लाही पोहोचली नाही. घरात सगळ्यांनी डिंकाचे लाडू, शतावरी, हळिवाची खीर, जे सुचेल ते केले. सासूबाईंनी तर दृष्टही काढली. बाळाला वारंवार पाजत राहिले आणि दहाव्या दिवसापासून दूध हळूहळू पूर्ववत झाले.

त्यानंतर महिनाभराने मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी असे कधीकधी होते हे मान्य केले. मला इंजेक्शन नाकारायचे नव्हते, पण आधी कळले असते तर थोडे दूध काढून शीतकपाटात साठवले असते आणि ‘माझ्यातच काही कमी आहे’ या विचाराने आठवडाभर रडले नसते.

दवबिंदू, पुणे

पायवाट, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. स्तनपान देणाऱ्या मातांमध्ये मोठ्या मात्रेच्या स्थानिक स्टेरॉइड इंजेक्शनानंतर दूध तात्पुरते कमी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपण बाळाला वारंवार पाजत राहिलात, हाच योग्य उपाय होता.

आता पाळीबद्दल. पीयूष ग्रंथी अंडाशयालाही आदेश देते आणि स्टेरॉइडमुळे तेही दबतात. त्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी घसरते आणि पाळी लांबते, लवकर येते किंवा मध्येच रक्तस्राव होतो. ट्रायॅम्सिनोलोनच्या माहितीपत्रकात पाळीतील अनियमिततेचा उल्लेख छापलेला असतो. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाठीच्या कण्यात स्टेरॉइड इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे अडीच टक्के स्त्रिया नंतर अनियमित रक्तस्रावासाठी डॉक्टरांकडे गेल्याचे दिसले, आणि त्यांत पाळी बंद झालेल्या स्त्रियाही होत्या.

निशिगंधताई, एका गोष्टीत मात्र मी अगदी आग्रही आहे. इंजेक्शनाचे कारण सापडले म्हणून नमुन्याचा तपास अर्धवट सोडू नका. पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव कितीही सौम्य असो, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री करूनच थांबायचे असते. अस्तर चार मिलिमीटरहून जाड असेल तर नमुना घेतलाच पाहिजे. इंजेक्शनाची माहिती आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर द्या. त्यामुळे अहवाल वाचताना त्यांना मदत होईल.

शिवारवाट, कोल्हापूर

मी औषधांचे दुकान चालवतो. गेली काही वर्षे आपल्याकडे गजकर्णाने उच्छाद मांडला आहे. एक कोर्स संपला की दुसरा, असे करत लोक इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतात. हे औषध यकृतातील सीवायपी३ए४ नावाच्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, तोच विकर ट्रायॅम्सिनोलोन आणि मिथिलप्रेडनिसोलोन मोडून बाहेर टाकतो. विकर अडला की सांध्यातून रक्तात आलेले स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे साचत राहते.

आमच्या पंचक्रोशीतली चाळिशीतली एक बाई माझ्या समोर उभी होती तो दिवस मला अजून आठवतो. तोंड चंद्रासारखे गोल, मानेमागे मांसाचा उंचवटा, दंडांवर हात लागला तरी काळेनिळे डाग, आणि पोटावर जांभळ्या रेषा असल्याचे ती हलक्या आवाजात सांगत होती. चिठ्ठी होती इट्राकोनॅझोलची, सलग सातव्या आठवड्याची. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात तिने दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शने घेतली होती. दोन डॉक्टर, दोन वेगळी गावे, आणि दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक नव्हती. मी कॅप्सूल दिल्या नाहीत, तिला तालुक्याच्या फिजिशियनकडे पाठवले. तिथून तिला पुढे संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले, आणि तिला पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले.

एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट ही औषधे हेच, आणि अधिक जोराने, करतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही त्याच जातीचे. म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नावे तोंडी सांगण्यात चूक होते.

आणखी एक. सांधेदुखीवर बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ‘दोन पुड्यांत गुडघा पळायला लागला’ असे कोणी सांगितले की मला तीच शंका येते. पुडी रोज पोटात आणि वरून सांध्यात इंजेक्शन, अशा माणसाची ॲड्रीनल ग्रंथी किती दबली असेल याचा अंदाज डॉक्टरांना येणार कसा? पुडी घेत असाल तर लाज न बाळगता सांगा, आणि एकदम बंदही करू नका. ती बंद कशी करायची हेही डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

पिंपळपान, अमरावती

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. त्यांतील कुठल्याही मुद्द्याला माझा विरोध नाही, पण दुसरी बाजूही नोंदवली गेली पाहिजे. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला बालसंधिवाताचे निदान झाले. सकाळी पलंगावरून उतरताना ती पाय सरळ करू शकत नसे. मी तिला कडेवर घेऊन मोरीपर्यंत नेत असे. संधिवाततज्ज्ञांनी दोन पर्याय ठेवले: महिनोन्‌महिने पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा थोडी भूल देऊन दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शन आणि जोडीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचे औषध. आम्ही दुसरा पर्याय घेतला. तिचे गाल काही आठवडे भरल्यासारखे झाले, भूक वाढली, सुईच्या जागेवरची कातडी थोडी पांढरी पडली. हे सगळे आम्हाला आधी समजावून सांगितले होते, त्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही. दोन महिन्यांत गाल उतरले. शाळेत ती आता लंगडी खेळते.

शरीरभर रोज जाणाऱ्या गोळ्यांपेक्षा वर्षातून एकदोन वेळा सांध्यात दिलेले औषध मुलांसाठी कितीतरी सौम्य ठरते. येथे वाचून कोणी आईवडील घाबरून उपचार पुढे ढकलतील, अशी मला धास्ती वाटली, म्हणून हे लिहिले.

निशिगंध, सातारा

पिंपळपान, आपल्या मुलीबद्दल वाचून फार बरे वाटले. आपल्याला ‘आधी समजावून सांगितले होते’, या चार शब्दांवर माझी नजर अडकून राहिली. माझी सगळी तक्रार तेवढीच आहे. औषध चुकीचे दिले असे मी म्हणतच नाही. माझ्या केस पेपरवर ‘खांद्यात इंजेक्शन दिले’ एवढेच लिहिले होते. औषधाचे नाव नाही, मात्रा नाही. नाव आणि ४० हा आकडा मला दवाखान्यात पुन्हा जाऊन, परिचारिकेला विनवून मिळवावा लागला. स्त्रीरोगतज्ज्ञांना मी सांगणार तरी काय होते?

सातपुडा, लेस्टर

मी मूळची जळगावची, आता इंग्लंडमध्ये असते. येथे २०२० पासून स्टेरॉइड घेणाऱ्यांना लाल रंगाचे एक लहान कार्ड देतात, पैशाच्या पाकिटात मावेल एवढे. अपघातात किंवा बेशुद्धीत कोणी आणले तर कार्ड पाहून रुग्णवाहिकेतल्या माणसांनाही हायड्रोकॉर्टिसोन द्यायचे हे कळते. गोळ्या घेणाऱ्यांनाच नव्हे, तर सांध्यात वारंवार इंजेक्शने घेणाऱ्यांनाही ते लागू होऊ शकते. मला वर्षभरातील तिसऱ्या इंजेक्शनानंतर ते मिळाले. माझी आई जळगावलाच असते आणि तिलाही गुडघ्यात इंजेक्शने देतात. मी तिच्यासाठी साध्या पुठ्ठ्यावर मराठीत तसेच कार्ड लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिच्या बटव्यात ठेवले आहे. औषधाचे नाव, मात्रा, कोणता सांधा, तारीख, आणि ‘मोठे आजारपण किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना दाखवणे’.

औदुंबर, सांगली

दवबिंदू, माझा प्रश्न सरळ आहे. मला पुढच्या आठवड्यात गुडघ्याचे दुसरे इंजेक्शन सुचवले आहे. घ्यावे का? आणि घेतले तर साखर कशी सांभाळावी?

दवबिंदू, पुणे

औदुंबरकाका, घ्यावे की नाही हे आपले अस्थिरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे आहे. त्यांना काय विचारायचे ते मी सांगतो.

एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर असावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी गुडघ्यात ४० मिलिग्रॅम ट्रायॅम्सिनोलोन दिले आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन वर्षांनंतर दुखण्यात फरक नव्हता, आणि स्टेरॉइड घेतलेल्यांच्या कूर्चेची झीज थोडी जास्त होती. म्हणून केवळ तारीख आली म्हणून सुई, असे करू नये. सांधा सुजून गरम झाला असेल, पाणी भरले असेल, तेव्हा तिचा उपयोग होतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरत असेल तर तिच्या आधीच्या तीन महिन्यांत जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे हे इंजेक्शन टाळतात, तेही विचारा.

मात्रा कमी चालेल का, हे विचारायला संकोच करू नका. आखडलेल्या खांद्यासाठी ४० ऐवजी २० मिलिग्रॅमनेही तेवढाच आराम पडल्याचे अभ्यास आहेत. मधुमेह्यांचाच खांदा जास्त आखडतो आणि मधुमेह्यांचीच साखर या औषधाने जास्त चढते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी येणार आहे. दोन सांध्यांना एकाच महिन्यात देण्याची घाई शक्यतो नको.

साखरेबद्दल: ती पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसापासून चढते, बहुधा दोन ते पाच दिवस चढलेली राहते, काहींत आठवडाभर. उपाशीपोटीचा आकडा फारसा हलत नाही आणि जेवणानंतरचा उसळी घेतो, म्हणून केवळ सकाळी तपासणारा माणूस फसतो. आठवडाभर दिवसातून चार वेळा तपासा. ३०० च्या वर राहिली, फार तहान लागली किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इन्सुलिनची वाढीव मात्रा आधीच कागदावर लिहून घ्या, आणि साखर उतरू लागताच ती कमी कशी करायची हेही. उतरताना मात्रा तीच ठेवली तर साखर एकदम खाली जाते, आणि ते चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. आपली साखर सध्या ताब्यात नसेल तर आधी ती आणा, मग सुई.

निशिगंध, सातारा

सगळ्यांना कळवण्यासारखे काही आहे. नमुन्याचा अहवाल आला, कर्करोग नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना इंजेक्शनाच्या तारखा आणि मात्रा दाखवल्या. त्यांनी त्या केस पेपरवर लाल शाईने लिहून घेतल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावले आहे. सकाळी आठचे कॉर्टिसॉल पहिल्या वेळी ४.१ आले होते. रक्तदाब उभ्याने ९४ भरला. फिजिशियननी काही आठवड्यांसाठी हायड्रोकॉर्टिसोनची छोटी मात्रा दिली, आणि ताप आला तर ती दुप्पट करण्याची सूचना लिहून दिली. काल, आदल्या दिवशीची दुपारची गोळी आणि सकाळची गोळी न घेता, पुन्हा तपासले तर १२.३ आले. गोळी आता बंद केली आहे. ओट्यापाशी अंधारी येत नाही. भाकरीची चव परत आली आहे, हे मला त्या आकड्यापेक्षा मोठे वाटते.

सातपुडा, तुमच्यासारखे कार्ड मीही केले. अस्थिरोगतज्ज्ञांकडे खांदा दाखवायला गेले तेव्हा ते त्यांच्यासमोर ठेवले आणि घडले ते सगळे शांतपणे सांगितले. त्यांनी ते पूर्ण वाचले, माझी साखरेची वही मागितली आणि त्या पानाचा फोटो काढून घेतला. पुढच्या रुग्णांना छापील चिठ्ठी देण्याचा विचार करतो, असे म्हणाले.

औदुंबर, सांगली

काल इंजेक्शन झाले. दोन महिने थांबलो, उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपास आणली आणि मगच गेलो. पाकिटांची पिशवी सोबत नेली होती. डॉक्टरांनी या वेळी २० मिलिग्रॅम दिले आणि माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरांत ‘ट्रायॅम्सिनोलोन ॲसिटोनाइड, २० मिलिग्रॅम, उजवा गुडघा’ असे लिहून तारीख टाकली. इन्सुलिनच्या वाढीव मात्रेचा कागद शीतकपाटाच्या दारावर चिकटवला आहे. आज दुपारच्या जेवणानंतर १९८ भरली. मागच्या वेळी याच दिवशी २९० होती. उद्याचा आणि परवाचा आकडा येथेच लिहीन.